मटार सोलताना ऐकलेला अणुबॉम्ब

जबलपूरहून परत आल्यावर भेटेल त्याने एकच विचारलं, भेडाघाट पाहिला का? पाहिला. संगमरवराचे कडे पाहिले, धुवांधारचे तुषार तोंडावर घेतले, चष्मा पुसला. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांचं वाचावं. मी जबलपूरला गेले होते ती शैलाकडे, आणि गेले होते एक गोष्ट मागायला. ते मागणं रोज जिभेवर यायचं आणि रोज मी ते तिच्या घरच्या पोह्यांबरोबर गिळायची.

काय मागायचं होतं ते आधी सांगून टाकते. मी सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर एक उद्योग मांडला. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब कसा तयार झाला, कुणी केला, कुठल्या गुप्त गावांत केला, त्या गावांत माणसं कशी राहिली, हे सगळं मराठीत लिहून इंटरनेटवर ठेवायचं. मराठी मुलाला हे वाचायला इंग्रजीच्या दारात उभं राहावं लागू नये, एवढी साधी इच्छा. कित्येक वर्षं मी हे केलं. नकाशे काढले, आकृत्या काढल्या, एकेक शब्द तोलून लिहिला. वाचलं कुणी? माझ्या नणंदेने, एकदा, आणि तिनेही शुद्धलेखनाची चूक काढली.

शैला माझी एम.एस्सी.ची मैत्रीण. माझ्या वडिलांची बदली नागपूरला होती तेव्हा आम्ही एका बाकावर बसायचो. माझ्या वह्या वाचून ती पास झाली, लग्न करून जबलपूरला गेली, शाळेत शिकवत राहिली. दोनेक वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "मंदा, तुझं लिहिलेलं मी इथल्या बायांना वाचून दाखवू का? त्या काय म्हणतात ते रेकॉर्ड करून नेटवर टाकीन." मी मोठ्या मनाने म्हटलं, खुशाल टाक. तो मोठेपणा मला फार महाग पडला. लिहिलेलं माझं आणि लोक ऐकतात तिला. भोपाळहून ऐकतात, नागपूरहून ऐकतात, अमेरिकेतले मराठी ऐकतात. गेल्या डिसेंबरात परदेशातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तिला कळवलं की तुमचं संकेतस्थळ आम्ही कायमचं जपून ठेवणार. तिचं. माझं नव्हे.

आणि बरोबर त्याच सुमाराला मला नोटीस आली. ज्या फुकटच्या जागेवर माझं लिखाण होतं ती सेवाच जानेवारीअखेर बंद होणार होती. घरच्या संगणकात प्रत आहे, पण संगणकात असणं म्हणजे ट्रंकेत असणं. मी डोळे मिटले की मुलगा ती ट्रंक भंगारात देईल. लिखाण टिकायचं असेल तर सगळ्यात पक्की जागा एकच होती, शैलाची. तिला नुसतं म्हणायचं होतं, बाई, मला तुझ्यात घे. हे फोनवर म्हणवेना म्हणून मी तिकीट काढलं.

राइट टाउन

जानेवारीतली जबलपूरची थंडी सांगलीच्या माणसाने चेष्टेवारी नेऊ नये. फलाटावर शैला कानटोपी घालून उभी होती. मला बघून म्हणाली, "एकच स्वेटर? तू इथे मरायला आली का?" आणि आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. मला ती शाल ऊबदार वाटली याचाही राग आला.

राइट टाउनमधलं तिचं घर खालच्या मजल्यावर, पुढे छोटं अंगण. अंगणात चटईवर मटारचा ढीग. या दिवसांत जबलपुरात जिकडे बघाल तिकडे मटार. गाड्यांवर मटार, पोत्यांत मटार, सायकलच्या हँडलला पिशवीत मटार. आपल्याकडे आपण पाव किलो घेतो आणि उसळीत बटाटा घालून तो पुरवतो. इथे पोतं घेतात, सगळं घर सोलायला बसतं आणि वर्षभराचे दाणे फ्रीजमध्ये कोंबून ठेवतात. शैलाचे यजमान अशोकराव वीज मंडळातून निवृत्त. सोललेल्या शेंगांची टरफलं समोरच्या गायीला देता देता त्यांनी माझं स्वागत केलं.

"या ताई. मेल वाचली का?"

"कसली मेल?"

"ग्रंथालयाची. चलो, दाखवतो."

त्यांनी ती छापून फ्रीजच्या दाराला चुंबकाने लावली होती. मी वाचली. चहा घेताना त्यांनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली. दुपारी पाणी घ्यायला फ्रीज उघडला तेव्हा ती पुन्हा समोर आली. चार दिवसांत मी त्या घरात गार पाणी प्यायचं सोडून दिलं.

नाश्त्याला पोहे होते. वर शेव, बाजूला गरम जिलबी. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू, संपलं. गोड खायचं तर ते वेगळ्या वेळी. इथे एक घास पोह्यांचा आणि एक तुकडा जिलबीचा. मी आधी नाक मुरडलं आणि मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. शैला हसली. "आवडलं ना? कबूल कर." मी म्हटलं, बरं आहे.

मग तिने तिचा तो जगप्रसिद्ध कारखाना दाखवला. मला वाटलं होतं, खोली असेल, भिंतींना काहीतरी लावलेलं असेल, माइक असेल. निघाला एक मोबाइल. तो बिस्किटांच्या डब्याला टेकवून ठेवायचा, बस्स.

"आणि मागे तो टपटप आवाज येतो तो कसला ग? मी तुला एकदा कळवलंही होतं, की आवाज फार येतो म्हणून."

"मटार," ती दाण्यांच्या पातेल्याकडे बोट दाखवत म्हणाली. "दाणे स्टीलच्या गंजात पडून राहिले असतात. मटार नसतील तर मेथी निवडतात, मेथी नसेल तर तांदूळ. हात रिकामा ठेवून बाया बोलत नाहीत, मंदा. हातात काम दिलं की बोलतात."

अमेरिकेतल्या कुणीतरी तिला लिहून विचारलं होतं म्हणे, की हा इतका छान आवाज कसला? छान आवाज. मी युरेनियमच्या अणूचं विभाजन अशा भाषेत समजावलं होतं की नववीच्या मुलाला कळावं, आणि लोकांना आवडले मटार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिची पद्धत मात्र समजून घेतली. खमरियाच्या क्वार्टर्समध्ये ती दर गुरुवारी जाते. खमरिया म्हणजे दारूगोळ्याच्या फॅक्टरीची वसाहत. तिथल्या बायांना फॅक्टरीबद्दल ती एक अक्षर विचारत नाही. विचारलं तरी त्या सांगणार नाहीत, कारण त्यांना माहीतच नाही. नवरे आयुष्यभर फाटकाच्या आत गेले, बाहेर आले, आत काय करतात ते घरी बोलले नाहीत. मग शैला त्यांना माझं वाचून दाखवते. युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या डोंगरावर लॉस अलामोस नावाचं गाव कसं वसवलं, तिथे सगळ्यांचा पत्ता म्हणजे एकच टपालपेटी कशी, मूल जन्मलं तर जन्माच्या दाखल्यावर गावाऐवजी त्या पेटीचा नंबर कसा, पत्रं कशी उघडून वाचली जात, आणि बायकांना नवरे काय करतात ते कसं ठाऊक नव्हतं. खमरियाच्या बाया हे ऐकतात आणि म्हणतात, असंच असते बाई. आणि मग त्या सांगायला लागतात. इतकं साधं. हे मला सुचायला काय झालं होतं?

रात्रीच्या जेवणात पाटवडीचा रस्सा होता. जहाल. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाने, असं मी सांगितलं.

ग्वारीघाट

दुसरा दिवस भेडाघाटात गेला. तिसऱ्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, आज नर्मदेवर विचारायचं. नदीकाठी माणूस जरा सैल होतो.

ग्वारीघाट मला आवडला. आमची कृष्णाही काही कमी नाही, पण सांगलीला आम्ही कृष्णेकडे पाणी किती चढलं ते बघायला जातो. इथे लोक नर्मदेला मैया म्हणतात आणि आईला भेटायला जावं तसे संध्याकाळी येऊन बसतात. पायऱ्यांवर फुलांचे द्रोण, कणकेचे दिवे, नारळ, गुरुजी, आणि नावाडी हाका मारतायत. शैलाने दोन दिवे घेतले. आम्ही नावेत बसलो. पाण्यावरून बोचरं वारं येत होतं. मी घसा साफ केला.

"शैला, एक विचारायचं होतं."

तेवढ्यात वल्हं मारणारा मागे वळला. "दीदी, आप वही हो ना? बम वाली दीदी?"

शैला लाजली. साठीची बाई, शाळेतल्या पोरीसारखी लाजली. "हां भैया. आप सुनते हो?"

"मेरी मिसेज सुनती है. पूरी मराठी उसके पल्ले नहीं पड़ती, फिर भी सुनती है. वो पहाड़ वाला गांव, जिसमें नल में पानी नहीं आता था. वो तो तीन बार सुना उसने. बोली, देखो, इतना बड़ा बम बना लिया, नल में पानी नहीं ला पाए."

त्या गावात पाण्याची टंचाई होती हे मी लिहिलं होतं. अर्ध्या वाक्यात. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये. शैलाने ते बायांपुढे ठेवलं, त्यांनी त्यावर दुपार काढली आणि ते नर्मदेवरच्या नावाड्याच्या घरापर्यंत गेलं. मी नावेच्या कडेला धरून बसले. मला शैलाचा भयंकर हेवा वाटला.

"काय विचारत होती तू?" शैला म्हणाली.

"उद्या किती वाजता निघायचंय खमरियाला?"

दिवे सोडले. तिचा सरळ गेला. माझा नावेला अडकला आणि विझला, आणि नावाड्याने वल्ह्याने ढकलून तो मार्गी लावला. परतताना तिने मला खव्याची जिलबी खाऊ घातली. काळपट, जाड, आत खवा. असली जिलबी मी जन्मात खाल्ली नव्हती. पैसे तिने दिले, मला देऊ दिले नाहीत, आणि त्याचाही मला त्रास झाला.

खमरिया

आता माझा पराक्रम सांगते.

निघतानाच मी सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद घेतली होती. आमच्या सांगलीत दुसरं काही नसेल, पण हळद अशी की डबा उघडला तर घरभर वास. तिच्या छोट्या छोट्या पुड्या बांधल्या, वर लाल दोरा. शैलाला यातलं काही कळू दिलं नाही. गुरुवारी बायांसमोर काढायच्या आणि सगळ्यांनी म्हणायचं, बघा, लिहिणाऱ्या बाई आल्या त्या रिकाम्या हाताने नाही आल्या. असा बेत होता. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. वाणाचे दिवस.

शैलाने स्कूटर काढली. मी मागे, पिशवी मांडीवर. वाटेत फॅक्टरीची पाळी सुटून निघालेल्यांची गर्दी लागली, सायकली आणि स्कूटर आणि बस, सगळे एका दिशेने, डबे हँडलला वाजतायत. वसाहत शांत, झाडं मोठी, क्वार्टर्स एकसारखी. वाचन होतं कमलकाकूंच्या घरी. काकूंचे यजमान फॅक्टरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता मुलगा तिथेच आहे, म्हणून क्वार्टर आहे. काकू ऐंशीच्या घरातल्या, मूळच्या अमरावतीकडच्या, ताठ बसणाऱ्या.

खोलीत दहाबारा बाया चटईवर, मध्ये मटारचा डोंगर. शैलाने ओळख करून दिली, "ह्या मंदाताई. तुम्ही ऐकता ते सगळं ह्यांनी लिहिलं." बाया माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. मला ते इतकं गोड लागलं की मी धीर न धरता पिशवी उघडली आणि पुड्या वाटायला सुरुवात केली. "घ्या, संक्रांतीचं वाण. सांगलीची हळद."

तीन-चार पुड्या हातांत गेल्या आणि खोली गप्प झाली. दाण्यांचा टपटप आवाजही थांबला. मी वर पाहिलं तेव्हा कुठे माझ्या डोळ्यांना दिसलं. बहुतेक सगळ्यांची कपाळं मोकळी होती. शैलाने गुरुवारचं वाचन सुरू केलं होतं तेच मुळी, हे मला मागाहून कळलं, वसाहतीतल्या हळदीकुंकवांना ज्यांना बोलावणं जात नाही त्यांच्यासाठी. आणि मी सांगलीहून हजार किलोमीटर हळद वाहून आणून त्यांच्या हातावर वाण म्हणून ठेवत होते. शैलाला आधी दाखवली असती तर तिने थांबवलं असतं. पण दाखवायची नव्हती ना, भाव खायचा होता. मला वाटलं, जमीन दुभंगून आत घ्यावं.

कमलकाकूंनी पुडी नाकाशी नेली.

"भाजीची होय ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग भाजीत टाकू. घ्या वं सगळ्या. अशी हळद इथं भेटत नाही." आणि पुडी त्यांनी कमरेला खोचली. बाकीच्यांनी हात पुढे केले. शैला माझ्या कानाशी लागली, "मी सांगायला पाहिजे होतं तुला." ती माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, आज लेखिकेनेच वाचावं. मी वाचायला घेतलं. लॉस अलामोसच्या बायकांवरचा लेख. शिकवताना वाचायची तसं, सावकाश, स्पष्ट. अर्धं पान झालं आणि मला दिसायला लागलं, बाया शेंगांकडे बघतायत. एकीने जांभई दिली आणि पदर तोंडाशी धरला. शैलाने कागद माझ्या हातातून अलगद घेतला आणि वाचू लागली. वाचू लागली म्हणजे काय, सांगू लागली. "अच्छा, तर ती बाई ट्रेनमधून उतरते. नवऱ्याने सांगितलं असते, कोणाला सांगू नको आपण कुठे जाऊन राहिलो. अन् खरं तर तिलाच माहीत नाही." खोली जागी झाली. कुणी म्हणालं, "सामान किती असंल तिच्यासोबत?" कुणी म्हणालं, "सासूले काय सांगितलं असंल?" माझाच लेख. मी आयुष्यभर वर्गात उभी राहिले, आणि हे मला कधी जमलं नव्हतं. मी मटार सोलायला घेतले. निदान हात तरी कामात.

बोलता बोलता कमलकाकू म्हणाल्या, "आमचे हे फिलिंगमधे होते. एवढाच शब्द मले माहीत. काय भरत, कशात भरत, देव जाणे. लग्न होऊन आली तेव्हा एकदा विचारलं. तर म्हणाले, भाजीत मीठ जास्त झालं. मंग नाही विचारलं कधी."

बाया हसल्या. मोबाइल बिस्किटांच्या डब्याला टेकून सगळं घेत होता.

"पोरगा बी तसाच. विचारलं की म्हणते, आई, चहा टाक." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे गंजात सोडले, आणि माझ्याकडे वळल्या. शैलाकडे नाही, माझ्याकडे. "तुम्ही लिहिलं ना हे. त्या बायांना शेवटी कळलं का?"

"कळलं," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला, त्या दिवशी. काहींना रेडिओवरून. काहींना नवऱ्यांनी सांगितलं, की आता बोललं तर चालेल."

"नवऱ्यांनी सांगितलं?"

"हो, काहींच्या."

"मंग त्या काय म्हणल्या?"

"कुणाला आधी अभिमान वाटला. युद्ध संपलं म्हणून आनंद झाला. मग तिकडचे फोटो यायला लागले, किती माणसं गेली ते कळायला लागलं. काहींना फार जड गेलं."

"म्हंजे वाईटच कळलं."

"फार वाईट, काकू."

"पण कळलं." त्यांनी गंजातले दाणे हाताने सारखे केले. "यांच्या शेवटच्या दुखण्यात मी रात्रंदिवस उशाशी होती. मले वाटे, आता तरी सांगतील. आता कोण ऐकून राहिलं? तर खिडकी लावून घे म्हणाले, थंडी वाजते. बस्स." आणखी एक शेंग फोडली. "मले हेवा वाटते बाई त्या बायांचा."

दाणे पडत राहिले.

मग त्या म्हणाल्या, "हे तुमचं लिहिलेलं कुठं राहते? माझ्या नातीले वाचायचं असंल मोठं झाल्यावर, तर भेटंल का?"

आणि मी, जिने चार दिवस तोंड शिवून ठेवलं होतं, ती मी त्यांना सांगून बसले. "नाही भेटणार, काकू. महिनाअखेर सगळं बंद होतंय."

"काहून बंद?"

"ज्यांची जागा होती ते बंद करतायत."

"मंग शैलाजवळ जागा नाही का?"

शैलाचा हात शेंगेवर थांबला होता. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"मी तिला विचारलं नाही."

"काहून?"

त्या वयाच्या बाईने असं सरळ बघून काहून म्हटलं की खोटं बोलवत नाही. "हेवा वाटतो मला तिचा," मी म्हटलं. "लिहिलं मी, आणि ऐकतात सगळे तिला. म्हणून नाही विचारलं."

काकूंनी मान डोलावली. त्यांना यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. सोललेल्या दाण्यांचा गंज त्यांनी माझ्यापुढून उचलला आणि रिकामा दुसरा ठेवला. "सोला," म्हणाल्या. "वाटते तर वाटते."

परतीच्या वाटेवर

शैलाने स्कूटर जातानापेक्षा जोरात हाणली. राइट टाउनला घराच्या फाटकाशी गाडी लावली, किल्ली काढली आणि मग सुरू झाली.

"चार दिवस माझ्या घरी जेवून राहिली तू. माझ्या शालीत बसून राहिली. अन् हे तू काकूला सांगितलं. मला नाही."

"तुला सांगता येत नव्हतं."

"काहून नव्हतं येत? मी काय नाही म्हणाली असती?"

"हो म्हणाली असतीस," मी म्हटलं. "त्याचंच तर दुखत होतं."

ती आत गेली आणि भांडी आपटत चहा केला. अशोकराव वर्तमानपत्रामागे लपले. मला वाटलं, आता हे गेलं. मैत्रीही गेली आणि लिखाणही गेलं, आणि दोन्ही माझ्या हाताने घालवलं.

सकाळी मी सामान बांधत होते. शैला लॅपटॉप घेऊन पलंगावर येऊन बसली.

"चलो, पासवर्ड दे."

मी दिला. सगळं उतरवून घ्यायला बराच वेळ लागला. मधेच आम्ही नावांवरून भांडलो. वर तिचं नाव की माझं? ती म्हणाली, तुझं वर. मी म्हटलं, दया नको. ती म्हणाली, मग माझं वर. ते मला तिच्या दयेपेक्षा वाईट वाटलं. शेवटी अशोकराव पेपरामागून म्हणाले, "एका ओळीत घ्या ना दोघींची." तसं घेतलं.

"आणि कालचं रेकॉर्डिंग," मी म्हटलं. "माझं ते शेवटचं, हेव्याचं, काप. काकूंचं राहू दे."

"कापते," ती म्हणाली. आणि स्टेशनवर निघताना मटारच्या दाण्यांची पिशवी माझ्या सामानात कोंबली, बर्फाच्या पाण्याने गळणारी. पुण्यापर्यंत माझे दोन ब्लाउज भिजले.

सांगली

महिनाअखेरीला मी जुन्या पत्त्यावर गेले. काही नव्हतं, एक पांढरं पान होतं. मग शैलाचं उघडलं. माझे सगळे लेख तिथे होते, नकाशांसकट, आकृत्यांसकट. बायकांवरच्या लेखाखाली काकूंचं रेकॉर्डिंग होतं. ते किती जणांनी ऐकलं तेही दिसत होतं. माझा लेख आजवर जितक्यांनी वाचला त्याहून कितीतरी जास्त. नको तिथे पुन्हा दुखलंच.

एरवी शैलाची रेकॉर्डिंग मी थोडी ऐकून बंद करायची. हे शेवटपर्यंत ऐकलं. माझं वाचन, माझी ती मास्तरीण, मग शैला, मग हसणं, मीठ जास्त झालं. मग काकूंचा आवाज, मले हेवा वाटते बाई त्या बायांचा. आणि त्यापुढे नुसते दाणे पडतायत, बराच वेळ, आणि संपलं. शैलाने शब्दाला जागून माझं ते शेवटचं सगळं कापलं होतं.

मी ते पुन्हा ऐकलं. मग तिला फोन लावला.

"शैला, ते माझं कापलेलं आहे का तुझ्याकडे?"

"आहे ना. मी कुठे फेकून राहिली. काहून?"

"परत घाल."

"तूच म्हणाली होती काप. आता सगळं जग ऐकेल, मंदा."

"ऐकू दे," मी म्हटलं. "काकू तिथे एकट्याच पडल्या आहेत."